बोडी कोणाची ते न सांगता गेलेले सर

सन दोन हजार पंचवीस. मला शहात्तरावं चालू होतं आणि हिरुळकर सरांची साठी अजून भरायची होती, म्हणजे जायची पाळी माझी होती. पण हा माणूस कोणत्याच रांगेत नीट उभा राहिला नाही, इथंही नाही राहिला. आमची धानाची रोवणी, म्हणजे लावणी, संपत आली होती. शेवटच्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, बाया पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत होत्या आणि मी धुऱ्यावर, बांधावर, बसून त्यांच्या हाताकडं पाहत होतो, तेव्हा माझी सून संगीता मोबाईल हातात घेऊन तलावाच्या पाळीवरून आली. म्हणाली, 'मामाजी, सर गेले.' मी विचारलं, 'कुठी?' तिनं डोक्यावर पदर घेतला, मग मला समजलं. नागपूरला, घरीच, सकाळी दाढी करता करता. मी म्हटलं, 'सांगून नाई गेला.' संगीताला वाटलं, बुढ्याला दुःख झालं. दुःख कसलं, मला राग आला होता. त्या माणसाकडून मला एक गोष्ट वदवून घ्यायची होती, वर्षानुवर्षं मी तिच्या मागं होतो, आणि तो ती न बोलता निघून गेला.

त्यानंतर सरांवर पेपरात बरंच छापून आलं. संगीता मला वाचून दाखवायची आणि मी ऐकून घ्यायचो. कोणी लिहिलं की सर म्हणजे चालतं-बोलतं ज्ञानाचं भांडार. चालताना मी त्यांना पाहिलं आहे. हातभर रुंद धुऱ्यावरून चालता येत नव्हतं, चष्म्यासकट बांधीत पडायचे. कोणी लिहिलं, मातीशी नातं सांगणारा माणूस. मातीशी नातं आमचं आहे. सरांचं मातीशी पोलिसाचं चोराशी असते तेवढंच काम होतं, चौकशीचं. आणखी एका मोठ्या शिकलेल्या माणसानं तर सर 'इतिहासाच्या अंधारातला दिवा' होते असं लिहिलं. सर आयुष्यभर माती अंधारात ठेवा म्हणून ओरडत राहिले, उजेड दिसला की अंगावर यायचे, आणि मेल्यावर त्यांनाच दिवा करून टाकलं. यांना सरांचं काम तरी माहीत होतं का, मला शंका आहे. मी चौथी शिकलो, तीही धड नाही. तरी पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सुनेकडं निरोप धाडला की बाबाजींनी लिहावं, म्हणून लिहितो. संगीतानं ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं आहे. बाकी एक शब्द मी तिला बदलू दिला नाही.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडं. गावाच्या वरच्या अंगाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तलाव. एका बाजूनं मातीची पाळ घालून पाणी अडवलेलं, त्या पाण्यावर खालच्या बांध्यांचा धान पिकतो. आमच्याकडं अशा बोड्या गावोगावी आहेत, आणि प्रत्येक बोडीला ती कोणाच्या बापजाद्यानं बांधली याचं भांडण आहे. आमच्या बोडीच्या एका बाजूला माझ्या बांध्या, दुसऱ्या बाजूला यादोरावच्या. माझा आजा सांगायचा की आमच्या मूळ पुरुषानं, उमाजीनं, पाळीला पहिली टोपली टाकली. यादोरावचा आजा सांगायचा की त्याच्या मूळ पुरुषानं. दर वर्षी धानाला बोडीचं पाणी सोडायच्या दिवशी पाळीवर नारळ फुटतो, आणि पहिला नारळ कोणाच्या हातचा यावरून आमची दोन घरं माझ्या जन्माच्या आधीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. शहरातले वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी? एवढीशी नाही ती. बांधी विकता येते, बैलजोडी विकता येते. बापजाद्यांनी गावाला पाणी दिलं, हे विकता येत नाही आणि विकतही घेता येत नाही. माझ्याजवळ दाखवायला दुसरं काही नाही.

बारा-तेरा वर्षांमागं ग्रामपंचायतीनं ठरवलं की पाळीवर फलक लावायचा, बोडी कोणी बांधली ते लिहून. आता पहिल्या नारळाचं भांडण दगडावर लिहून कायमचं मिटणार होतं, म्हणजे दोघांपैकी एक घर कायमचं हरणार होतं. आमच्याकडं तेव्हापासून सरपंचबाई आहेत, पण बोलतो त्यांचा नवरा नंदूशेठ. राईस मिल चालवतो, गोंदियाला जाऊन येऊन त्याची बोली अर्धी हिंदी झाली आहे. त्याला दोन्ही घरांची मतं पाहिजेत, म्हणून तो कोणाचंच नाव घेत नव्हता. तेवढ्यात धान कापून खाली झालेल्या बांध्यांत एक दिवस हिरुळकर सर आले, गाडीभर पोट्टे-पोट्टी घेऊन. जुन्या वस्तीचा, जुन्या मातीचा शोध शास्त्रानं कसा घेतात, ते नवशिक्या मुलांना शिकवायचं होतं आणि त्यांना आमच्या बोडीची पाळ आवडली होती. नंदूशेठनं संधी साधली. म्हणाला, 'सर, ये बोडी किती जुनी, कोनाची, तुमीच सांगा. सांगाल ते पत्थर की लकीर.' यादोरावनं मान हलवली. मीही हलवली, कारण मला माहीत होतं उत्तर काय येणार.

ती पोट्टी पाहून मला वाटलं की देश बुडाला. एकाला धान आणि गवत यातला फरक कळत नव्हता. एक पोट्टी बूट भिजतील म्हणून धुऱ्यावरच उभी होती. आणि या असल्यांना सर दात घासायच्या ब्रशानं माती खरवडायला लावत होते. मी म्हटलं, 'सर, फावडा देऊ का? दुपारपर्यंत खड्डा होऊन जाईल.' सर म्हणाले, 'खड्डा नको आहे, बाबाजी. भिंत पाहिजे आहे, वाचायला.' पाळीचा एक काप त्यांनी उभा, भिंतीसारखा तासला आणि मुलांना म्हणाले, वरून खाली पाहा, प्रत्येक पट्टा वेगळ्या वेळी पडला आहे, खालचा आधी, वरचा नंतर. एवढं तर घराची भिंत लिंपणारी कोणतीही बाई सांगेल. त्यासाठी नागपूरहून गाडी करून यावं लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी रोज जाऊन बसायचो. माझी जमीन, माझी पाळ. मी नाही बसणार तर कोण. सर आणि पोट्टे काळी माती बादलीत घालून पाणी ओतायचे आणि वर तरंगलेला कचरा कापडावर गाळून घ्यायचे. त्यात जळके दाणे सापडले की सगळे असे खूश व्हायचे की जसं सोनं निघालं. जळलेलं बी सडत नाही, म्हणून टिकते, असं सर सांगायचे. मग कोळशाचे कण चिमट्यानं उचलून चांदीसारख्या कागदात ठेवायचे, हात लावू द्यायचे नाहीत. मी बिडी पेटवली तर सर लांबून ओरडले, 'बाबाजी, बिडी विझवा. राख माझ्या कोळशात पडली तर कोळसा तुमच्या वयाचा होईल.' पोट्टे हसले. मी विझवली नाही, फक्त उठून वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो. मग सरांनी त्याच कोळशावर धडा घेतला. मुलांना विचारलं, 'बाबाजींच्या घराला सागाचं जुनं आढं आहे. ते आज चुलीत घातलं, तर कोळसा कशाचं वय सांगेल? आजच्या चुलीचं?' मुलं वह्या चाळायला लागली. सर म्हणाले, 'झाडाचं. कोळसा झाडाची गोष्ट सांगतो, जाळणाऱ्याची नाही.' मी तिथूनच म्हटलं, 'मंग वेचता कायले?' सर हसले आणि मुलांना म्हणाले, 'हा प्रश्न लिहून घ्या.' माझी थट्टाच केली, असं मला तेव्हा वाटलं. आजही मला थट्टाच वाटते.

म्हणून मग त्यांनी दुसरी युक्ती काढली, आणि ती ऐकून मला हा माणूस पूर्ण वाया गेलेला आहे याची खात्री पटली. वाळूच्या कणात म्हणे हिशेब राहतो की त्यानं शेवटचं ऊन कधी पाहिलं. आमच्या पाण्याच्या घागरी सरांनी अंगणातून मागून नेल्या आणि पाळीवर ठेवून मुलांना समजावलं. वाळूचा कण म्हणजे घागर. उन्हात असली की उपडी, रिकामी. वर माती पडली, अंधार झाला, की घागर सरळ होते आणि आजूबाजूच्या मातीतून थेंब थेंब भरत जाते. किती भरली ते मोजलं की किती काळ अंधारात होती ते कळते. 'पण एकदा ऊन दिसलं,' म्हणाले, आणि भरलेली घागर सरळ पालथी केली, 'की सगळं गेलं.' ते पाणी माझ्या बायकोनं डोक्यावर आणलं होतं. मी म्हटलं, 'सर, शिकवा, पन पानी कायले सांडता?' त्यांनी माफी मागितली. शिकलेल्या माणसाची माफी फुकट असते, लगेच मागतात.

पाळीच्या कापात काळं कापड टाकून, त्याच्या आत शिरून, सरांनी लोखंडी नळकांडी ठोकली, मातीनं भरून बाहेर काढली आणि तोंडं काळ्या पट्टीनं बंद केली. गावात तेव्हा त्यांच्या राहण्याची सोय शाळेत होती, पण तिथं पोरांची ये-जा, म्हणून नळकांडी माझ्या मागच्या खोलीत ठेवली. मला हजारदा बजावलं, 'बाबाजी, हात लावू नका, उजेड दाखवू नका.' मी लावला नाही. मला त्यांच्या मातीत रस नव्हता, उत्तरात होता. पण माझी बायको पारबता, तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पाळीवर असताना तिनं खोली झाडायला घेतली. नळकांड्याच्या पट्टीतून ओल बाहेर आलेली तिनं पाहिली. आमच्या घरात ओली वस्तू दिसली की तिचं एकच काम. धानाचं बियाणं असो, डाळ असो, गोधडी असो, पापड असो, ऊन दाखवायचं. तिनं नळकांडी ठोकून ठोकून रिकामी केली, माती सुपांत पसरली आणि सुपं अंगणात मांडली. वर माशा बसू नयेत म्हणून कापडही नाही टाकलं, कारण मातीवर माशा बसत नाहीत.

आम्ही जेवायला आलो तर अंगणात सुपं. पोट्टे जागच्या जागी उभे राहिले. एक म्हणाला, 'संपलं.' मी पारबताकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, 'अवो, ओली होती ना माती. कुबट वास मारून रायली होती. म्हून ऊन दाखवलं.' दोघं-तिघं मोठ्यानं हसले. मला वाटलं आता सर ओरडणार, आणि ओरडले तर मी त्यांना तिथूनच हाकलणार, मी तयारच होतो. पण सर हसणाऱ्यांवर ओरडले. मग चपला काढून सुपाजवळ खाली बसले, सगळ्यांना गोल बसवलं आणि पारबताला म्हणाले, 'मावशी, तुम्ही काय केलं ते यांना सांगा. पहिल्यापासून.' तिनं पदर सावरून सांगितलं, सरपंचाच्या खुर्चीवर बसवल्यासारखं. सर म्हणाले, 'ऐकलं? आता या मातीचं वय आजचं आहे. पाळ कधीची का असेना, ही माती आज सकाळी जन्मली. मी वर्षभर फळ्यावर शिकवलं असतं तरी तुम्हाला हे समजलं नसतं.' आणि मग जेवण मागितलं. दोन वेळा भात घेतला.

इथवर ठीक होतं. पण त्या पोट्ट्यांनी यातून एक शब्द काढला. उजेड लागून बिघडलेल्या नमुन्याला ते 'पारबता' म्हणायला लागले. 'अरे, झाकण लाव, पारबता होईल.' 'हे नळकांडं पारबता आहे, फेक.' माझ्या कानावर आलं तेव्हा मी काठी घेऊन शाळेत गेलो होतो. माझ्या बायकोचं नाव कचऱ्याला. सरांनी त्यांना रागवायचं सोडून स्वतःच तो शब्द उचलला, पुढं जिथं जिथं नवशिक्यांना शिकवलं तिथं तो नेला. आणि जिचं नाव, तिला विचारलं तर म्हणते, 'घेऊ द्या ना. तुमचं नाव कोन घेते?' शोकसभेला तर कुठल्या तरी दूरच्या गावचा, कधी इकडं न आलेला माणूस पारबताला भेटून म्हणाला, 'मावशी, मला वाटायचं हा संस्कृत शब्द आहे.' असले यांचे विद्वान.

पुढच्या वर्षी सरांनी नवी नळकांडी ठोकली, या वेळी गाडीत ठेवली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी उत्तर घेऊन आले. मी त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसलो होतो. ओसरीवर मी, नंदूशेठ, आणि अंगणाच्या पलीकडं, उंबरा न ओलांडता, यादोराव. सर म्हणाले, पाळीचा सगळ्यात खालचा पट्टा फार जुना आहे, तुमच्या दोघांच्या घराण्यांच्या गोष्टी जिथं सुरू होतात त्याच्याही कितीतरी आधीचा. त्यावर कोणीतरी मागाहून माती टाकून पाळ उंचावली. 'कोनी?' मी विचारलं. 'माहीत नाही,' सर म्हणाले. 'बरं, खालची कोनाची?' 'तेही माहीत नाही. वरची तुमच्या लोकांची असेल, यादोरावांची असेल, दोघांचीही असेल. माती कधी पडली ते सांगते, बाबाजी. टाकणाऱ्याचं नाव नाही सांगत.' मी म्हटलं, 'मंग मुकी आहे तुमची माती. आमच्या आज्यानं सांगितलं ते खोटं का?' 'खोटं म्हणत नाही.' 'मंग खरं म्हना.' 'तेही नाही म्हणू शकत.' एवढं शिकून, एवढी नळकांडी ठोकून, हा माणूस माझ्या ओसरीवर बसून सांगतो, माहीत नाही. मला वाटलं, हे तर गावातल्या कोणीही फुकटात सांगितलं असतं. नंदूशेठ म्हणाला, 'सर, थोडा अंदाज से तो बोलो. फलक अटकला आहे आमचा.' सर म्हणाले, 'अंदाजानं दगडावर लिहू नये.' मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं की माझ्या बाजूच्या पाळीला पुन्हा हात लावायचा नाही.

त्यांनी लावला नाही. पण येणं बंद केलं नाही, दर वर्षी नवे पोट्टे घेऊन यायचे आणि यादोरावच्या बाजूनं शिकवायचे. मी माझ्या धुऱ्यावर बसून ऐकायचो, कारण धुरा माझा आहे. घागर, कोळसा, सागाचं आढं, सगळं तेच, दर वर्षी नव्या गाढवांपुढं पहिल्यापासून. कंटाळा नव्हता. मला त्यांच्या या न कंटाळण्याचाच राग यायचा. आणि दर वर्षी जाताना ते माझ्या दारात पाणी प्यायला थांबायचे, मी बोललो नाही तरी. पारबता पाणी द्यायची. मी एकच विचारायचो, 'समजलं का?' ते मान हलवायचे, नाही म्हणून. शेवटचं भेटले ते मागच्या कापणीनंतर. अंग उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. मी विचारलं, 'अजून बी माहीत नाई?' म्हणाले, 'नाही, बाबाजी.' मी म्हटलं, 'मंग कायले येता मरायला एवढ्या लांब?' ते तांब्या खाली ठेवून म्हणाले, 'मला कोणी खोटं बोलायला लावत नाही असं एकच गाव आहे... नाही, चुकलो. तुम्हीच तर लावता.' आणि हसले. मी हसलो नाही. त्यांना खोकला आला आणि ते गाडीत बसून निघाले.

शोकसभा आमच्या समाजमंदिरात झाली, रोवणी आटोपल्यावर, दिवस मावळायच्या आधी. सरांचा फोटो होता, त्याला झेंडूची माळ होती आणि फोटोत सरांनी कोट घातला होता, जो मी त्यांच्या अंगावर कधी पाहिला नाही. नागपूरहून दोन प्राध्यापक आले होते. एक असा बोलला की सर कमी आणि तो स्वतःच जास्त वारल्यासारखा वाटला. जुने पोट्टे आले होते, आता त्यांच्या डोक्यावरचे केस कमी झालेले. मग नंदूशेठ उठला. म्हणाला, 'सर आणि मी, भाई जैसे होते. एक गोष्ट सरांनी मला प्रायव्हेट में सांगितली होती, आज सांगतो. सर बोलले, नंदू, ही बोडी सोमाजी बाबाजीच्या पूर्वजांची. फक्त गावात झगडा नको म्हून मी जाहीर बोलत नाई.' सोमाजी म्हणजे मी. सगळं समाजमंदिर माझ्याकडं वळलं. पुढच्या निवडणुकीत माझ्या भाऊबंदांची मतं यादोरावच्या घरापेक्षा जास्त आहेत, एवढा हिशेब तिथल्या लहान मुलालाही येत होता. पण माळ घातलेल्या फोटोसमोर कोण काय बोलणार.

आणि मग यादोराव उठला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, गुडघे गेलेले, खांबाला धरून उठला. मला वाटलं आता शिव्या देईल. तो म्हणाला, 'सर बोलले असतील तं खरंच असल. त्या मानसानं कधी खोटं सांगितलं नाई.' आणि मला, भर सभेत, हात जोडले. माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टीची वाट पाहिली ती त्या समाजमंदिरात झाली... माझ्या बापानं पाहिली असती तर त्यानं गावजेवण घातलं असतं. मी मान हलवली. लोकांनी माझे हात धरले. नंदूशेठ कानात म्हणाला, 'बाबाजी, पेंटर को बोल दिया है. टेन्शन मत लो.' त्या संध्याकाळी मला बरं वाटलं, हे खोटं कायले सांगू. घरी येऊन मी पारबताला म्हटलं, 'शेवटी बोलले सर.' ती भात वाढत होती. म्हणाली, 'तुमाले बोलले का?' मी म्हटलं, 'नंदूले.' तिनं वरण वाढलं. 'सर नंदूच्या घरी कदी पानी बी नाई पेले,' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी जेवलो, पण मग एक गोष्ट डोक्यात बसली. जगात आता एकच माणूस उरला होता ज्याच्या तोंडावर सरांनी वर्षानुवर्षं 'नाही' म्हटलं होतं, आणि तो मी. प्राध्यापकांना माहीत नव्हतं, पोट्ट्यांना माहीत नव्हतं, यादोरावनं एकदाच ऐकलं होतं. मी गप्प बसलो तर सर मेल्यावर खोटारडे ठरत होते, आणि तेही माझ्या सोयीनं. नंदूशेठनं मला काय समजलं होतं? की हा बुढा मेलेल्या माणसाच्या तोंडातून ओढून काढलेला मान खाईल. माझा मान मला माझ्या आज्यानं दिला आहे. मिलवाल्याच्या हातून तो घ्यायची माझ्यावर वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादोरावच्या दारात गेलो. जन्मात पहिल्यांदा. तो अंगणात बसून दात घासत होता, मला पाहून ब्रश तोंडातच राहिला. मी उंबऱ्याच्या अलीकडूनच म्हटलं, 'सर तसं बोलले नाई. नंदू खोटं बोलला. बोडी आमचीच आहे, पन सर तसं बोलले नाई.' यादोरावनं चूळ भरली. म्हणाला, 'आमची आहे.' मी म्हटलं, 'तुजी कायची? तुजा आजा बाहेरून आलेला.' तो म्हणाला, 'आन् तुजा का जमिनीतून उगवला?' बोलत बोलतच त्यानं काठी घेतली, खांद्यावर दुपट्टा टाकला, आणि दोघं निघालो नंदूशेठच्या घरी. वाटभर भांडलो. लोक दारात येऊन पाहत होते, त्यांना समजेना की ही भांडणं आहेत तर दोघं एका वाटेनं काऊन जाऊन रायले. नंदूशेठ बनियनवर बाहेर आला. मी म्हटलं, 'पेंटरले थांबव.' तो म्हणाला, 'अरे बाबाजी, तुम्हारे ही नाव का फलक है. मंग काय लिहू?' मी तोंड उघडलं, पण सरांचे ते दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात, कितीही केलं तरी. यादोरावनं माझ्याकडं पाहिलं आणि तोच म्हणाला, 'कोनी बांधली ते माहीत नाई, असं लिही.' नंदूशेठ हसला. म्हणाला, असा फलक दुनियेत कोणी लावते का? मी म्हटलं, 'तू लाव,' आणि पेंटर येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्या ओसरीवर बसून राहिलो.